पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, जळजळ आणि सारखी लघवी : योनीत लावायचं इस्ट्रोजेन कसं सुरू करायचं

पाळी थांबून तीन-चार वर्षं झालेली असतात. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्री घामाने भिजणं हे बरंचसं ओसरलेलं असतं. आणि मग हळूच दुसरंच काहीतरी सुरू होतं. लघवीला गेलं की चुरचुरतं. खाली कोरडं, ताणल्यासारखं वाटतं, सलवारची शिवणसुद्धा टोचते. रात्री तीनदा उठावं लागतं. वर्षातून दोन-तीन वेळा लघवीचं इन्फेक्शन आणि दर वेळी अँटिबायोटिकचा नवा कोर्स. संबंधांच्या वेळी दुखतं. बायका यातलं एकेक लक्षण वेगवेगळ्या ठिकाणी सांगतात. लघवीचं फॅमिली डॉक्टरांना, खाजेचं त्वचारोगतज्ज्ञांना, दुखण्याचं कुणालाच नाही. कारण मात्र बहुतेक वेळा एकच असतं आणि त्यावर साधा उपचार आहे.

आपल्याकडे हा विषय ‘नवरा-बायकोमधला’ म्हणून बाजूला सारला जातो. त्यामुळे जिचा नवरा हयात नाही, जिने लग्न केलं नाही किंवा जिच्या घरात तो विषय कधीच संपलाय, ती ‘मला काय करायचंय ते’ म्हणते आणि उपचारातून आपोआप बाद होते. माझ्या मते या औषधाची सगळ्यात जास्त गरज तिलाच असते. पासष्टी-सत्तरीतली, वारंवार उन्हाळी लागणारी, रात्री अंधारात संडासाकडे जाताना पडण्याची धास्ती घेतलेली बाई डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं लिहिलंय.

आत काय बदलतं

योनी, तिच्या तोंडाजवळची नाजूक त्वचा, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ या सगळ्यांना इस्ट्रोजेन हे अंडाशयात तयार होणारं हार्मोन लागतं. ते असतं तोवर योनीचं अस्तर जाड, ओलसर आणि ताण सोसणारं राहतं. त्या अस्तरातल्या ग्लायकोजेनच्या आधारावर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. म्हणून योनीचा पीएच साधारण ३.५ ते ४.५ असतो. एवढ्या आंबट जागी शौचाच्या वाटेवरचे ई. कोलाय जिवाणू फार टिकत नाहीत.

पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं. अस्तर पातळ आणि फिकट होतं, चांगले जिवाणू कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. ई. कोलायला वाट मोकळी होते आणि मूत्रमार्ग तर शेजारीच असतो. गरम वाफा काही वर्षांत बहुतेकींच्या आपोआप कमी होतात, पण हा त्रास आपोआप जात नाही. उलट उपचार केला नाही तर वर्षागणिक वाढतो. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे पुढे तीसेक वर्षं या शरीरासोबत काढायची असतात.

ज्यांची गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली गेली, त्यांना हेच सगळं तिशी-पस्तिशीत आणि एकदम सुरू होऊ शकतं. बीडमधल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये गाजल्या. चर्चा शस्त्रक्रियेपाशीच थांबली, पण नंतरच्या कोरडेपणाचं आणि लघवीच्या त्रासाचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. तुमची ‘पिशवी’ काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशयं ठेवली की काढली ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. गर्भाशय काढून अंडाशयं ठेवली असतील तर पाळीवरून काही कळायला मार्ग नसतो, तेव्हा लक्षणांवरूनच अंदाज घ्यावा लागतो.

पहिली पायरी : आधी तपासून घ्या

मेडिकलच्या दुकानातून ‘खाजेचं क्रीम द्या’ म्हणून सुरुवात करू नका. काउंटरवरून मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण आधीच पातळ झालेली त्वचा महिनोन् महिने त्याने आणखी पातळ होत जाते. शिवाय खरं कारण झाकलं जातं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर नुसतं बोलून परत येऊ नका, तपासणी करून घ्या. सारखीच लक्षणं देणारे दुसरे आजार आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. मधुमेहात बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांच्यामुळेही बुरशी आणि खाज वाढते. ही गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. बाहेरच्या त्वचेवर पांढरे चट्टे, रात्री प्रचंड खाज आणि आत काहीच त्रास नाही, असं असेल तर लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. त्याला डॉक्टरांनी लिहून दिलेलं तीव्र स्टेरॉइड मलमच लागतं, इस्ट्रोजेनने तो बरा होत नाही. अंग बाहेर येत असेल तर तेही याच भेटीत कळतं.

आणि एक गोष्ट घरच्यांनाही माहीत असू द्या. पाळी जाऊन १२ महिने झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी झाल्याशिवाय क्रीम सुरू करायचं नाही. बहुतेक वेळा कारण पातळ अस्तर हेच निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही अशीच असते. योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाचं अस्तर मोजतात. ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, किंवा रक्त पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर आतला तुकडा तपासायला घेतात. लघवीतून रक्त जात असेल तर त्याचा तपास वेगळा होतो.

डॉक्टरांसमोर बोलायला शब्द सापडत नसतील तर घरूनच चिठ्ठी लिहून न्या. एवढं पुरे: ‘पाळी जाऊन सहा वर्षं झाली. खाली कोरडं पडतं, जळजळतं. लघवी सारखी लागते, रात्री तीनदा उठते. वर्षात तीन वेळा इन्फेक्शनचं औषध झालं. योनीत लावायचं इस्ट्रोजेन मला चालेल का?’ शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. ‘वय झालं, चालायचंच’ एवढ्यावर बोळवण झाली तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला अजिबात संकोच नको.

दुसरी पायरी : जे त्रास वाढवतं ते थांबवा

साबण, डेटॉल, सुगंधी इंटिमेट वॉश, पावडर, योनीच्या आत पाणी मारून धुणं, हे सगळं बंद. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरेसं आहे. रोज पॅड लावायची सवय असेल तर सुगंधी पॅड टाळा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी कमी केली तर रात्रीच्या फेऱ्या थोड्या कमी होतात. लघवी होऊ नये म्हणून दिवसभर पाणीच न पिण्याचा उपाय मात्र उलटतो.

त्रास थोडा असेल तर आधी बिनहार्मोनचे उपाय करून बघायला हरकत नाही. व्हजायनल मॉइश्चरायझर, उदाहरणार्थ हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल, आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमाने लावायचं असतं. ल्युब्रिकंट जेली फक्त संबंधांच्या वेळी. खोबरेल तेल बाहेरून लावायला अनेकींना मानवतं, पण लॅटेक्सचा कंडोम वापरत असाल तर तेल नको, तो फाटू शकतो. या गोष्टींनी घर्षण आणि कोरडेपणा कमी होतो. अस्तर पुन्हा जाड करणं किंवा लघवीचं इन्फेक्शन रोखणं त्यांना जमत नाही, ते काम इस्ट्रोजेनचं.

तिसरी पायरी : कोणतं औषध

भारतात सहसा दोन क्रीमं लिहून दिली जातात. एक इस्ट्रिऑलचं, १ ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम. एव्हॅलॉन हे त्यातलं ओळखीचं नाव. दुसरं कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेनचं, १ ग्रॅममध्ये ०.६२५ मिलिग्रॅम, प्रीमॅरिन या नावाचं. इस्ट्रिऑल हे शरीरातलंच पण सौम्य इस्ट्रोजेन आहे, म्हणून सुरुवातीला पुष्कळ डॉक्टर तेच निवडतात. दोन्हींना डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

परदेशात राहणाऱ्या मराठी बायकांना आणखी पर्याय सापडतील. इस्ट्राडिऑलची १० मायक्रोग्रॅमची योनीत ठेवायची बारीक गोळी बोटाला किंवा कपड्याला लागत नाही, त्यामुळे अनेकींना ती क्रीमपेक्षा सुटसुटीत वाटते. इंग्लंडमध्ये २०२२ पासून पन्नाशीपुढच्या, पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला ही गोळी फार्मासिस्टशी बोलून, चिठ्ठीशिवाय मिळू शकते. ९० दिवस आत राहून इस्ट्रोजेन सोडणारी मऊ रिंगही असते. अमेरिकेत प्रास्टेरोन नावाची रोज रात्री ठेवायची कांडीही मिळते.

मोठ्या शहरांत लेझरच्या जाहिरातीही दिसतात. पैसे खर्च करण्याआधी एवढं माहीत असू द्या : अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये अशा उपकरणांच्या दाव्यांबद्दल इशारा दिला होता, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत खरा लेझर आणि नुसतं नाटक केलेला लेझर यांत वर्षभरानंतर फरक आढळला नाही. एवढ्या पैशांत क्रीमच्या कितीतरी ट्यूबा येतात.

चौथी पायरी : लावायचं कसं

खालची पद्धत इस्ट्रिऑल क्रीमची आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर तेच पाळा.

रात्री झोपण्यापूर्वी लघवी करून या, हात धुवा. ट्यूबचं टोपण काढून त्या जागी ॲप्लिकेटर फिरवून बसवा. ट्यूब दाबली की दट्ट्या मागे सरकतो. नळीवरच्या खुणेपर्यंत क्रीम भरलं की थांबा. तेवढ्यात ०.५ ग्रॅम क्रीम मावतं. ॲप्लिकेटर ट्यूबवरून काढा, टोपण लावा. आता पाठीवर झोपून गुडघे वाकवा आणि नळी सावकाश आत सरकवा, वर छताकडे न नेता कमरेच्या मणक्याच्या दिशेने. अडखळलं तर जोर करू नका. नळीच्या टोकाला थोडं क्रीम लावलं की सरकते. दट्ट्या पूर्ण दाबा, नळी बाहेर काढा आणि तशाच झोपा.

ॲप्लिकेटर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन वाळवा. उकळत्या पाण्यात घालू नका, वाकडा होतो.

ज्यांना ॲप्लिकेटर टोचतो त्यांनी डॉक्टरांना विचारून बोटाने लावलं तरी चालतं. तेवढंच क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन योनीच्या तोंडाशी, लघवीच्या जागेभोवती आणि बोटाच्या पेराइतकं आत. जळजळ मुख्यतः बाहेरच असेल तर नुसतं आत सोडलेलं क्रीम तिथे पोचत नाही, म्हणून ॲप्लिकेटर वापरणाऱ्यांनीही थोडं बाहेर लावावं, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो.

पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री. त्यानंतर आठवड्यातून दोनदा. वार ठरवून टाका, सोमवार-गुरुवार म्हणा. एखादा दिवस चुकला तर आठवेल तेव्हा लावा, पण एका रात्री दुप्पट नको. हिशेब सोपा आहे : पहिल्या दोन आठवड्यांत ७ ग्रॅम, मग आठवड्याला १ ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅमची पहिली ट्यूब साधारण दहा आठवडे चालते, पुढची त्याहून जास्त. उघडल्यावर किती दिवसांत संपवायची ते खोक्यावर बघा.

संबंधांच्या वेळी हे क्रीम जेलीसारखं वापरायचं नाही. ती वेळ आणि क्रीमची वेळ वेगळी ठेवा, म्हणजे नवऱ्याच्या त्वचेतून ते शोषलं जाणार नाही.

पुढचे तीन महिने

पहिल्या आठवड्यात क्रीम झोंबू शकतं. पुष्कळ बायका इथेच ‘मला मानवलं नाही’ म्हणून ट्यूब कपाटात टाकतात. पातळ, चिरा पडलेल्या त्वचेला सुरुवातीला काहीही झोंबतं. अस्तर भरत आलं की बहुधा ते थांबतं. आग सहन होत नसेल किंवा दोन आठवड्यांनीही तशीच असेल तर डॉक्टरांना फोन करा. क्रीम बदलून बघता येतं. दह्यासारखं पांढरं जाऊन खाज सुटली तर बुरशी झाली असेल, विशेषतः मधुमेह असेल तर. तिचा उपचार होतो, त्यासाठी इस्ट्रोजेन कायमचं सोडावं लागत नाही.

कोरडेपणा दोन ते चार आठवड्यांत कमी जाणवू लागतो. पूर्ण फायदा दिसायला तीन महिने द्या. सारखी आणि घाईची लघवी सावकाश सुधारते. खोकताना-शिंकताना होणारी गळती मात्र नुसत्या क्रीमने फारशी थांबत नाही. तिच्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम लागतात, तेही फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून.

‘बरं वाटलं की बंद करायचं ना?’ हा प्रश्न येतोच. हा चष्म्याचा हिशेब आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नाही. वापरताय तोवर फायदा; थांबवलं की काही आठवड्यांत-महिन्यांत जुनं दुखणं परत. वर्षानुवर्षं वापरता येतं, फक्त वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवा.

लघवीचं इन्फेक्शन वारंवार होत असेल तर

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन, इतक्या वेळा इन्फेक्शन झालं तर त्याला वारंवार होणारं म्हणतात. पाळी गेलेल्या बाईला ते होत असेल तर योनीत इस्ट्रोजेन द्यावं, असं अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. यामागचा जुना आणि ठोस पुरावा १९९३ मधल्या एका इस्रायली चाचणीचा आहे. इस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. पोटातून घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी मात्र इन्फेक्शन कमी होत नाही. तिथे औषध जागेवरच पोचावं लागतं.

जळजळ झाली की लगेच जुन्या चिठ्ठीवरची अँटिबायोटिकची पट्टी आणू नका. आधी लघवी कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढतात का ते बघायच्या तपासणीला, द्या. पहिली धार सोडून मधली, लॅबच्या निर्जंतुक डबीत. रिपोर्टमध्ये ‘नो ग्रोथ’ आलं आणि जळजळ आहेच, असं वारंवार होत असेल तर ती जळजळ बहुधा कोरड्या पडलेल्या मूत्रमार्गाची आहे. तिला अँटिबायोटिक काय करणार? उलटही होतं. आजीला काहीच त्रास नाही, पण रिपोर्टमध्ये जिवाणू दिसले म्हणून गोळ्या सुरू. त्रास नसताना नुसत्या रिपोर्टवर उपचार करायची सहसा गरज नसते. धने-जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी जरूर प्या, त्याने पोटात पाणी जातं एवढं खरं. थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं, उलट्या अशी लक्षणं असतील तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कॅन्सरची भीती

खोक्यातला कागद वाचून घाबरणं स्वाभाविक आहे. हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग, सगळं त्यात असतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या रोज पोटातून घ्यायच्या गोळ्या तपासल्या होत्या. तिच्यावरून आलेले इशारे योनीत लावायच्या औषधांच्या कागदावरही जसेच्या तसे छापले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने हे ठळक चौकटीतले इशारे काढायचा निर्णय जाहीर केला.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून एक गणित. १० मायक्रोग्रॅमची इस्ट्राडिऑलची गोळी दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, अशी वर्षभर वापरली तर ११४ गोळ्या होतात. वर्षाचं एकूण इस्ट्राडिऑल १.१४ मिलिग्रॅम. पोटातून हार्मोन घेणारी बाई १ मिलिग्रॅमची गोळी रोज घेते. ठरलेल्या कमी मात्रेत योनीत लावलेलं इस्ट्रोजेन रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणूनच गर्भाशय शाबूत असलं तरी त्याचं अस्तर वाढू नये म्हणून द्यायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सोबत लागत नाहीत. मात्रा मनाने वाढवली तर हे गणित लागू राहत नाही.

स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. त्यांच्यासाठी आधी मॉइश्चरायझर आणि जेली. तेवढ्याने भागलं नाही तर कर्करोगतज्ज्ञांशी बोलून निर्णय होऊ शकतो. लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल चालू असेल तर जास्त जपून, कारण ती औषधं इस्ट्रोजेन खाली ठेवण्यासाठीच दिलेली असतात. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.

आईला किंवा सासूबाईंना वापरायचं असेल तर

विषय काढताना लघवीपासून सुरुवात करा. ‘आई, रात्री किती वेळा उठावं लागतं?’ या प्रश्नाला त्या मोकळेपणाने उत्तर देतात, योनीबद्दल विचारलं तर गप्प होतात. बोटं वाकलेली असतील, संधिवात असेल तर ट्यूब दाबणं आणि नळी फिरवणं जमत नाही. ॲप्लिकेटर भरून ठेवायचं काम तुम्ही करा, लावायचं त्यांच्यावर सोडा. तेही जमत नसेल तर बोटाने लावायची पद्धत सोपी पडते, किंवा हातमोजे घालून नर्सबाई लावू शकते. अंग बाहेर येतं म्हणून रिंग बसवलेली असेल तर डॉक्टर हेच क्रीम पुष्कळदा रिंगसोबत देतात, म्हणजे आतली त्वचा सोलवटत नाही. रिंग तपासायच्या भेटीला जाताना ट्यूबही सोबत न्या. आणि ट्यूबवर मार्करने मोठ्या अक्षरांत वार लिहा, नाहीतर घरात चारजणांची मलमं एकाच डब्यात असतात आणि पायाच्या भेगांचं क्रीम कुठलं ते रात्री चष्म्याशिवाय कळत नाही.